शेपटीखालची पिशवी : एका गैरसमजाचा इतिहास

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही गावात हे दृश्य दिसते. कुत्रा अंगणात बसकण मारतो, मागचे पाय पुढे ताणतो आणि बूड जमिनीला घासत दोन-चार हात सरकतो. मुले हसतात. घरातले जाणते माणूस म्हणते, "जंत झालेत त्याला." मग कोणी कडू पाला वाटून पाजतो, कोणी औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणतो. कधी कुत्रा बरा होतो. कधी मात्र गोळी देऊनही घासणे थांबत नाही, आणि काही दिवसांनी गुदद्वाराच्या बाजूला गाठ येऊन फुटते. त्यावर माश्या बसतात, जखमेत किडे पडतात, आणि हात लावू पाहणाऱ्या घरच्याच माणसाला तो चावतो.

जंताचे निदान निराधार नाही. पिसवांमार्फत कुत्र्याच्या पोटात जाणाऱ्या एका पट्टकृमीचे तुकडे शौचावाटे बाहेर पडतात. ते तांदळाच्या दाण्यासारखे दिसतात आणि त्यांनी खाजही सुटते. पण बूड घासण्याचे दुसरे मोठे कारण एका लहानशा अवयवात असते, आणि तो अवयव आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नसतो. गंमत अशी, की हा अवयव डोळ्यांसमोर असूनही माणसाने त्याला गेली सव्वादोन हजार वर्षे दुसरेच काहीतरी समजले आहे. अनेकदा ही चूक त्या काळच्या विद्वानांनीच केली. ती कशी दुरुस्त होत गेली, हे पाहण्यासारखे आहे.

अवयव कोणता?

कुत्र्याची शेपटी वर धरली आणि गुदद्वार म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असे मानले, तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी कातडीखाली दोन पिशव्या असतात. कुत्र्याच्या आकारमानानुसार त्या वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या असतात. गुदद्वार आवळून धरणारे दोन स्नायू असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. पिशव्या या दोहोंच्या मध्ये बसलेल्या असतात. पिशवीच्या भिंतीत ग्रंथी असतात. त्यांचा स्राव आत साठतो आणि एका बारीक नळीने बाहेर येतो. कुत्र्यात या नळीचे तोंड गुदद्वाराच्या कडेवरच असते. मांजरात ते थोडे बाजूला, कातडीवर उघडते.

बोलताना आपण 'गुदग्रंथी' म्हणतो, पण नेमका शब्द 'गुदपिशवी' हा आहे. कारण गुदद्वाराच्या आसपास याखेरीज आणखी दोन-तीन प्रकारच्या ग्रंथी असतात, आणि त्यांची कामे व आजार वेगळे असतात. कुत्रा घट्ट शौचास बसतो तेव्हा पिशव्यांवर दाब पडतो आणि थोडा स्राव विष्ठेला लागतो. दुसरा कुत्रा येऊन तो हुंगतो. दोन कुत्री भेटली की एकमेकांच्या शेपटीखाली नाक का लावतात, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे. वाघ, तरस, मुंगूस, कोल्हा अशा बहुतेक मांसभक्षक सस्तन प्राण्यांत या पिशव्या कमी-अधिक विकसित स्वरूपात आढळतात.

तरस आणि ॲरिस्टॉटल

कथेची सुरुवात तरसापासून करावी लागते. तरस एक वर्ष नर आणि पुढच्या वर्षी मादी असतो, किंवा एकाच तरसाला दोन्ही लिंगांचे अवयव असतात, अशी समजूत प्राचीन ग्रीसमध्ये होती. हेरॅक्लिया गावच्या हेरोडोरस नावाच्या लेखकाने तसे लिहूनही ठेवले होते. ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) आपल्या प्राणिशास्त्रावरच्या ग्रंथांत ही समजूत खोडून काढली. त्याचा युक्तिवाद आजच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतका साधा आहे. नर तरसाचे लिंग लांडग्याच्या किंवा कुत्र्याच्या लिंगासारखेच असते. ज्याला लोक मादीचा अवयव समजतात ती शेपटीखालची एक खाच आहे. ती दिसायला तशी आहे, पण तिच्यातून आत जाणारी वाट नाही. मलमार्ग तिच्या खाली, निराळा आहे. आणि अशी खाच मादीलाही असते. मादीचा खरा जननमार्ग त्याहून वेगळा असतो.

ही खाच म्हणजे तरसाच्या गुदपिशव्यांचे सामाईक तोंड. ॲरिस्टॉटलने पाहिलेला तरस हा पट्टेवाला तरस होता. महाराष्ट्रात आढळणारी जात हीच. गैरसमज का टिकून राहिला याचे कारणही त्याने दिले आहे: लोक एकदाच, वरवर पाहतात, शिवाय मादी क्वचितच हाती लागते. एका शिकाऱ्याने आपण पकडलेल्या अकरा तरसांत एकच मादी निघाल्याचे सांगितले होते, अशी नोंद तो करतो. तुलनेला दोन्ही नमुने हवेत, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. त्या खाचेचे काम काय, हे मात्र तो सांगू शकला नाही. त्यासाठी रसायनशास्त्र आणि जिवाणुशास्त्र जन्माला यावे लागले.

गंधमार्जार, जवादी आणि एक अडकलेले नाव

भारतात हाच गोंधळ सुगंधाच्या वाटेने झाला. माहुलीच्या पायथ्याच्या किंवा माळशेजखालच्या जंगलपट्टीत जवादी मांजर आणि उदमांजर हे दोन निशाचर प्राणी परिचयाचे आहेत. नावात मांजर असले तरी दोघेही मांजराच्या कुळातले नाहीत. जवादी मांजराच्या शेपटीखाली, गुदद्वार आणि जननेंद्रिय यांच्यामध्ये, गंधग्रंथींची एक जोडी असते. तिच्यातून लोण्यासारखा, अतिशय उग्र वासाचा पदार्थ निघतो. तो अतिशय विरळ केला की वास सुखद होतो. या ग्रंथी गुदपिशव्यांहून वेगळ्या आहेत. गुदपिशव्या या प्राण्यांना त्याशिवाय असतातच.

हा पदार्थ अरबीत 'झबाद' म्हणून ओळखला जाई. त्यावरूनच आपला 'जवादी' आणि इंग्रजीतला 'सिव्हेट' हे दोन्ही शब्द आले. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदग्रंथात त्याला 'गंधमार्जारवीर्य' असे नाव आहे. 'वीर्य' या शब्दाचा अर्थ सामर्थ्य असाही होतो हे खरे, पण या स्रावाला प्राण्याचे रेत मानण्याची समजूत त्या नावामागे असावी असे दिसते. गंधद्रव्यांचा अभ्यास आपल्याकडे किती गंभीरपणे होत असे, हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी अनेक लेखांतून दाखवून दिले. 'गंधवाद' नावाच्या जुन्या संस्कृत ग्रंथावर तर मराठी टीका उपलब्ध आहे. ती १९८९ मध्ये बडोद्याहून छापली गेली. तिरुमलाच्या देवळात शुक्रवारच्या अभिषेकानंतर मूर्तीला जवादी लावण्याची प्रथा आजही आहे.

उदमांजराची गोष्ट अधिक बोलकी आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ पीटर सायमन पालास याने १७७७ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. नर आणि मादी दोघांच्याही शेपटीखाली वृषणासारखे दिसणारे उंचवटे असतात. त्या खरे तर गंधग्रंथी आहेत. पण पालासने प्राण्याला जातिवाचक नाव दिले 'हर्माफ्रोडायटस', म्हणजे उभयलिंगी. ॲरिस्टॉटलने तरसाबाबत दोन हजार वर्षांपूर्वी दाखवून दिलेली चूक पुन्हा झाली. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमानुसार आधी दिलेले नाव, ते अर्थाने चुकीचे असले तरी, सहसा बदलता येत नाही. म्हणून शहापूर-मुरबाडच्या कौलारू घरांच्या माळ्यावर रात्री धावणारे उदमांजर आजही शास्त्राच्या पुस्तकात 'पॅराडॉक्झुरस हर्माफ्रोडायटस' या नावाने वावरते.

रसायनशास्त्राचा प्रवेश

विसाव्या शतकात या स्रावांत नेमके काय असते हा प्रश्न विचारला जाऊ लागला. उत्तर अमेरिकेतील स्कंक हा प्राणी गुदपिशव्यांचा उपयोग शस्त्रासारखा करतो. त्याच्या स्रावात गंधकयुक्त संयुगे आहेत, हे टी. बी. ऑल्ड्रिच याने १८९६ मध्येच दाखवले होते. जवादीतल्या मुख्य गंधद्रव्याची, म्हणजे सिव्हेटोनची, रचना लिओपोल्ड रुझिच्का याने १९२६ मध्ये उलगडली. तो रेणू कार्बनच्या सतरा अणूंचे एक वलय आहे. एवढी मोठी वलये टिकणारच नाहीत अशी त्या वेळच्या रसायनशास्त्रज्ञांची धारणा होती. एका रानमांजराने ती खोटी ठरवली. रुझिच्काला १९३९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या कामाचाही वाटा होता. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सी. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात लाखेतील ॲल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीगंधी मोठी वलये तयार केली. लाखेचा किडा ज्यांवर वाढतो ती पळस आणि कुसुंबाची झाडे आपल्याच रानातली.

एक दुरुस्ती भारतातही झाली. वाघ झाडाच्या बुंध्यावर मागे उंच फवारा सोडतो. त्याचा वास गुदग्रंथींतून येतो असे अनेक वर्षे मानले जात होते. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तो फवारा मूत्रमार्गातूनच येतो आणि वासाचे स्निग्ध पदार्थही त्यातच असतात. बासमतीसारख्या सुवासिक तांदळाला ज्या रेणूमुळे वास येतो तोच रेणू, २-ॲसिटिल-१-पायरोलीन, वाघाच्या या फवाऱ्यात असल्याचे त्यांनी १९९० मध्ये जाहीर केले. मोहाच्या फुलातही त्यांना हाच रेणू आढळला. म्हणजे कधी गुदपिशवीला दुसरा अवयव समजले गेले, तर कधी दुसऱ्या अवयवाचे काम गुदपिशवीच्या नावावर लावले गेले.

वास कोण बनवतो?

आता मुख्य प्रश्न उरला. गुदपिशवीतला वास ग्रंथी स्वतः बनवतात का? १९७४ मध्ये मार्टिन गॉर्मन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान भारतीय मुंगसाच्या गुदपिशवीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या शेताच्या बांधावर दिसणाऱ्या करड्या मुंगसाचा हा जवळचा नातेवाईक. त्याच्या पिशवीत ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी उडून जाणारी मेदाम्ले सापडली, आणि ती बनवणारे होते पिशवीतले जिवाणू. ग्रंथी फक्त कच्चा माल पुरवतात. बंद, उबदार, हवा कमी असलेल्या पिशवीत जिवाणू तो आंबवतात. इडलीचे पीठ किंवा ताक आंबते, तसाच हा प्रकार. प्रत्येक मुंगसात या आम्लांचे आपसांतले प्रमाण निराळे असते आणि दुसरे मुंगूस तो फरक वासावरून ओळखू शकते, हे गॉर्मनने १९७६ मध्ये दाखवले. त्याच सुमारास एरिक ॲल्बोन याने तांबड्या कोल्ह्याबाबत असाच निष्कर्ष काढला, आणि जॉर्ज प्रेटी व त्याच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या गुदपिशवीतील उडणाऱ्या पदार्थांचे विश्लेषण केले.

२०१३ मध्ये केव्हिन थाईस आणि सहकाऱ्यांनी केनियातील ठिपकेवाल्या आणि पट्टेवाल्या तरसांच्या गंधपिशव्यांतील जिवाणूंचा डीएनए वाचला. बहुतेक जिवाणू आंबवणाऱ्या गटांतले निघाले, आणि दोन जातींच्या पिशव्यांतले जिवाणूंचे समूह वेगळे होते. ॲरिस्टॉटलला ज्या खाचेत "वाट नाही" असे दिसले, ती खाच म्हणजे तरसाचे नाव-गाव लिहिणारी जिवाणूंची वसाहत होती.

आजार आणि उपेक्षा

या शोधाचा व्यवहारातला अर्थ महत्त्वाचा आहे. निरोगी पिशवीतही जिवाणू असतात. २००३ मध्ये निरोगी कुत्र्यांचा स्राव सूक्ष्मदर्शकाखाली तपासला गेला, तेव्हा त्यात जिवाणू तर होतेच, पांढऱ्या रक्तपेशीही आढळल्या. म्हणून केवळ 'जंतू दिसले' एवढ्यावरून आजार ठरत नाही. घाण वास म्हणजे आजार असेही नाही. तो वास हेच त्या अवयवाचे काम आहे.

आजार होतो तो निचरा थांबल्यावर. विष्ठा सतत पातळ असली, अंगाला ॲलर्जीची सूज असली किंवा जनावर फार लठ्ठ असले, की पिशवी पुरती रिकामी होत नाही. स्राव घट्ट होतो आणि नळी तुंबते. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत पिशवीला सूज येते, ती दुखू लागते. तिसऱ्या पायरीत पू होऊन गळू बाजूच्या कातडीतून फुटते. क्वचित, बहुधा वयस्क कुत्र्यात, पिशवीच्या ग्रंथींचा कर्करोगही होतो. त्यात रक्तातले कॅल्शियम वाढून कुत्रा फार पाणी पिऊ लागतो. मांजरात हे सगळे कमी प्रमाणात दिसते. मांजर बूड घासण्याऐवजी तिथे सारखे चाटत राहते, त्यामुळे आजार उशिरा लक्षात येतो.

इतक्या साध्या आजाराचा पद्धतशीर अभ्यास फार उशिरा झाला. पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे निघाली; तिच्यापुढचा प्रश्न होता घोड्यांचा आणि गुरांमधल्या बुळकांडीचा. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झाले, ते घोडे आणि बैल यांच्या जोरावर चालणाऱ्या शहरात आणि प्रांतात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने त्यांच्याकडे आले. त्यांचेही मुख्य काम राहिले गायी, म्हशी, बैल, शेळ्या. शेतीचा कणा मोडू नये म्हणून हे योग्यच होते. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले, हे त्याच व्यवस्थेचे यश. पण त्या हिशेबात कुत्रा कुठे बसत नव्हता. तो दूध देत नाही, नांगर ओढत नाही.

श्रीमंत देशांतही फार वेगळी स्थिती नव्हती. कुत्र्यांतील गुदपिशवीदाहाचे निदान आणि उपचार यांवर सी. आर. ई. हॅल्नन याचे निबंध १९७६ मध्ये आले. ब्रिटनमधील सुमारे १ लाख ४ हजार कुत्र्यांच्या दवाखान्यातील नोंदींवर आधारलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे ४.४ टक्के कुत्र्यांत हा त्रास नोंदला गेला होता, आणि बसक्या नाकाच्या जातींत तो जास्त होता. संशोधनाने दुर्लक्षिलेला विकार, असेच त्या निबंधाच्या शीर्षकात म्हटले आहे. हे आकडे ब्रिटनमधल्या पाळीव कुत्र्यांचे आहेत. नागलीची भाकरी खाऊन दिवसभर हिंडणाऱ्या गावठी कुत्र्याला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

गावात काय करावे?

शहापूर-मुरबाडमध्ये या ज्ञानाचा उपयोग आहे. कुत्रा बूड घासू लागला, तर आधी विष्ठेवर आणि शेपटीखालच्या केसांवर तांदळासारखे तुकडे दिसतात का ते, हात न लावता, पाहावे. दिसले तर जंत आणि पिसवा दोहोंवर उपाय हवा. दिसले नाहीत, किंवा औषधानंतरही घासणे चालू राहिले, तर गुदपिशवीचा विचार करावा आणि दवाखान्यात नेऊन पिशव्या तपासून घ्याव्यात. पशुवैद्य हातमोजा घालून त्या रिकाम्या करतात. काही मिनिटांचे काम असते. गाठ फुटण्याआधी नेले तर बहुधा एवढ्यावर भागते. दुखत नसलेल्या पिशव्या मात्र उगाच वरचेवर पिळू नयेत. त्यानेच इजा होऊ शकते.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. गाठीवर डाग देऊ नये. मिठाने, मिरचीने किंवा रॉकेलने ती चोळू नये. जखमेत किडे पडले की फिनेल ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. मांजराचे यकृत अशी फिनॉलयुक्त द्रव्ये नीट निचरू शकत नाही, त्यामुळे मांजर त्याने मरू शकते. माणसाची पॅरासिटामॉलची गोळीही मांजराला विषासारखी ठरते.

दुखरे जनावर चावते. शेपटीखाली गळू असलेल्या कुत्र्याला खेळताना मूल मागून बिलगले, तर पाळलेला, शहाणा कुत्राही वळून चावा घेतो. मग 'पिसाळला' म्हणून त्याला काठ्यांनी मारले जाते आणि मुलाच्या जखमेवर चुना किंवा हळद भरली जाते. कुत्रा चावल्यास, कारण काहीही असो, जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लशीसाठी जावे. कुत्रा गळवामुळे चावला असेल, असे गृहीत धरून लस टाळू नये. रेबीजच्या बाबतीत असा अंदाज चुकला तर दुरुस्तीची संधी मिळत नाही.

शिक्षकांना हा विषय वर्गात घेताना संकोच वाटेल. पण मुलांना तो वाटत नाही. त्यांनी हे सगळे पाहिलेलेच असते. विद्यार्थ्यांना आपल्या पाड्यावर विचारायला सांगावे: कुत्रा बूड घासतो तेव्हा लोक काय कारण सांगतात, काय उपाय करतात, आणि पुढे काय होते? तीन रकाने केले की पुरे. तिसरा रकाना भरणे सर्वांत कठीण जाईल, कारण उपाय केल्यावर पुढे काय झाले हे बहुतेक घरांत कोणी पाहत नाही. ॲरिस्टॉटलने हेरोडोरसची चूक काढली ती नेमकी याच जागी: ऐकलेल्या कारणापाशी न थांबता त्याने खाचेला वाट आहे की नाही ते पाहिले. तो तिसरा रकाना ज्या वर्गात प्रामाणिकपणे भरला जाईल, त्या वर्गातल्या मुलांच्या घरी पुढच्या वेळी डाग देण्याची सळई तापण्याआधी कोणीतरी कुत्र्याची शेपटी उचलून पाहील.